खिचडीचा पिवळा

माझी थोरली बहीण विमलताई नवीन वर्कशीट विकायला काढण्याआधी वाटीभर खिचडी शिजवायची. खायला नव्हे. ती वाटी ती कॉम्प्युटरच्या स्क्रीनला टेकवून धरायची, आधी एक डोळा मिटायची, मग दुसरा, आणि पानाच्या चौकटीचा पिवळा रंग खिचडीशी जुळतो की नाही ते पाहायची. जुळला तर वाटी माझ्यापुढं यायची. नाही जुळला तरी माझ्यापुढंच यायची, पण मग ती पुन्हा तांदूळ धुवायला घ्यायची.

"अगं, स्क्रीनवरचा रंग बदल ना," मी एकदा न राहवून म्हणालो. "एक बटन दाबायचं काम आहे."

"रंग नाही बिघडला बापू, खिचडी बिघडली," ती म्हणाली. "हळद जास्त झाली. तू खा."

ताई हिवाळ्यात गेली. आता नांदुऱ्यात उन्हं तापायला लागली आहेत. मी तिच्याबद्दल थोडं थोडं लिहितो आहे. एखाद्या दिवशी एकच ओळ होते. माझा सगळा जन्म वाचनालयात दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळण्यात गेला, स्वतः लिहायची सवय नाही.

ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. तिची बहुतेक नोकरी जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत झाली. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "वर्गात एवढे लेकरं असल्यावर घरी कशाले गर्दी?" निवृत्त झाली तेव्हा माझी बायको नुकतीच वारली होती आणि मुलगा निखिल पुण्याला नोकरीत होता. ताई दोन ट्रंका आणि एक म्हातारी बकरी घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मी ट्रंका आत घेतल्या. बकरी स्वतःच आत आली.

बकरीबद्दल पुढं सांगतो.

कोरोनात शाळा बंद पडल्या तेव्हा जुन्या शिक्षकांचे ताईला फोन यायला लागले. मॅडम, तुमची ती अक्षरांची पानं होती ना, ती पाठवा. ताईनं आयुष्यभर हातानं काढलेली पानं होती. निखिलनं तिला कॉम्प्युटर शिकवला, पानं त्यावर चढवली आणि ऑनलाइन दुकान उघडून दिलं. त्याला कसलंसं इंग्रजी नाव द्यायचं होतं. ताईनं 'बकरीची शाळा' ठेवलं. घ्यायला कुणी यायचं नाही असं निखिल म्हणाला. आले. पहिली-दुसरीला शिकवणारी माणसं कुठून कुठून आली. महाराष्ट्रभरातल्या कित्येक मोबाइलमध्ये माझी बहीण 'बकरीवाल्या मॅडम' म्हणून साठवलेली आहे.

त्या पानांचे कायदे मात्र असे होते की वाचनालयाचे नियम त्यापुढं सैल वाटावेत. चौकट पिवळी. पिवळा म्हणजे शाळेत दुपारी मिळते त्या खिचडीचा पिवळा, दुसरा नाही. अक्षर फळ्यावरच्यासारखं, उभं आणि जाड. त्याला वेलबुट्टी लावली की ताईला वीट यायचा. समास चारही बाजूंनी सारखा. आणि उजव्या हाताला, खालच्या कोपऱ्यात, एक बकरी.

"दुरून वळखू आलं पाह्यजे," हे तिचं पालुपद. भाजीवर मीठ किती टाकायचं असं विचारलं तरी कधीकधी हेच उत्तर मिळायचं.

ती बकरी, खरं सांगायचं तर, वाईट काढलेली होती. पाय तीन स्पष्ट, चौथा कुठं आहे ते पाहणाऱ्यानं ठरवायचं. एक कान ताठ आणि दुसरा मधोमध मोडून खाली लोंबणारा. पानं विकत घेणारे विचारायचे, "मॅडम, हे कुत्रं आहे का?" एका बाईंनी सशाचा पाठ म्हणून एक संच घेतला आणि फसवणूक झाल्याची तक्रार केली. ताईनं त्यांना सशाचं वेगळं पान करून फुकट पाठवलं. त्याच्याही कोपऱ्यात बकरी होतीच.

निखिल फोनवरून समजावायचा. "आत्या, याला ब्रँडिंग म्हणतात. तू करते ते बरोबरच आहे, सगळं एकसारखं. पण लोगो अधूनमधून नवा करावा लागतो. मोठमोठ्या कंपन्या करतात."

"करू दे त्याइले."

"अगं, पण काऊन नाही? लोकांना आवडेल."

"त्याइची वाट कोनी पाहून राह्यलं काय?" ताई म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

मला तेव्हा हे उत्तर निव्वळ हट्टी वाटलं.

घरात तर तिनं काही शिल्लकच ठेवलं नाही. तिखट-मिठाच्या डब्यांना पिवळ्या पट्ट्या आल्या. गॅसच्या सिलिंडरला आली. माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडं ती पट्ट्या घेऊन निघाली तेव्हा मी दारात आडवा उभा राहिलो. आयुष्यात तिला केलेला तेवढाच विरोध. निखिलच्या लग्नाची पत्रिका तिनं केली. बुद्ध-बाबासाहेबांचे फोटो वर जागच्या जागी, मजकूर नीट, समास चारही बाजूंनी सारखा, चौकट पिवळी, आणि उजव्या कोपऱ्यात खाली ती. मेहकरहून मुलीच्या मामांचा फोन आला.

"तायडे साहेब, पत्रिका पोहोचली. लय छान. पन एक इचारू का? आमच्याकडची बरीच मंडळी माळकरी हायेत. लग्नात बोकडाचं जेवन ठेवलं काय तुम्ही?"

मी ताईकडं पाहिलं. तिनं फोन घेतला. "नाही हो मामा. ते बकरी हाये, बोकड नाही. जेवनात वांग्याची भाजी हाये. बकरी नुसती आशीर्वादाले हाये."

आता खऱ्या बकरीबद्दल.

ताई ज्या गावात सगळ्यात जास्त दिवस राहिली, तिथली अर्धी घरं दिवाळी झाली की रिकामी व्हायची. मुकादमाचा ट्रक यायचा, माणसं, भांडी, लेकरं त्यात बसायची आणि वीटभट्ट्यांवर निघून जायची. उन्हाळ्यात परत. पुढच्या वर्षी तीच लेकरं पुन्हा पहिलीच्या पहिल्या पानावर. काही लेकरं परत यायचीच नाहीत. त्यात फुलवंती नावाची एक कोरकू मुलगी होती. घरची बोली वेगळी, शाळेची वेगळी, म्हणून ती वर्गात तोंडच उघडायची नाही. खिचडी घ्यायला मात्र रांगेत पहिली असायची. तिच्याबरोबर तिची बकरी शाळेत यायची आणि खिडकीखाली बसायची. बकरीचं नाव मैना. लहानपणी कुत्र्यानं धरल्यामुळं तिचा एक कान मधोमध मोडलेला. फुलवंतीनं वर्गात पहिला शब्द उच्चारला तो त्या बकरीला हाक मारायला, आणि लिहिलं पहिलं अक्षर तेही तिच्याच नावातलं.

ट्रक आला त्या दिवशी बापानं बकरी बाजारात न्यायची ठरवली होती. भट्टीवर बकरी कोण सांभाळणार? पोरगी सकाळीच दावं धरून शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. बाप मागून आला. ताईनं दावं स्वतःच्या हातात घेतलं आणि बापाला म्हणाली, "माझ्याजवळ राहू द्या. आल्यावर न्या."

बाप म्हणाला, "ठेवा मॅडम. येतोच आम्ही."

ते आले नाहीत. उन्हाळ्यात ट्रक आला, दुसरे लोक उतरले. ती माणसं तिकडंच दुसऱ्या भट्टीवर गेली, तिथून आणखी कुठं गेली, असं कुणी कुणी सांगितलं. नक्की कुणालाच माहीत नव्हतं. ताईनं जिथं जिथं विचारता येईल तिथं विचारलं. पावसात त्यांची झोपडी बसली. पुढं ताईची बदली झाली, तशी बकरीचीही झाली. एसटीत कंडक्टरनं अडवलं.

"मॅडम, बकरीचं तिकीट लागंल."

"पाच वर्षाच्या आतली हाये. फुकट बसते."

"दाखला हाये काय जन्माचा?"

"माझ्या शाळेत नाव हाये तिचं. या कधी पाहाले."

कंडक्टर हसत मागच्या सीटकडं बोट दाखवून निघून गेला म्हणे. ताई सांगताना स्वतः कधी हसायची नाही. मैना म्हातारी होऊन माझ्या घरी मेली. मागच्या अंगणात, हौदाच्या बाजूला, ताईनं आणि मी तिला पुरलं. ताईनं त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "आता काय सांगू तिले?"

मला वाटलं, मेल्या जनावराच्या दुःखात बोलते आहे.

दुकानाचा धंदा म्हणून पाहिलं तर ताईला धंद्याचं काही कळत नव्हतं. कुणा एका सरांनी तिची पानं उचलली, कोपऱ्यातली बकरी कापली, तिथं हात जोडलेला स्वतःचा फोटो चिकटवला आणि पानं आपल्या नावानं विकायला काढली. निखिल संतापला. वकिलाची नोटीस पाठवू म्हणाला. ताईनं चष्मा लावून ती पानं शांतपणे पाहिली आणि सरांना मेसेज लिहिला. तो मीच तपासून दिला होता, म्हणून जवळपास पाठ आहे. सर, पानं घेतलीत याचा आनंद आहे. आपला फोटो चौकटीबाहेर गेला आहे. शिवाय मुलं त्याला मिशा काढतील. कृपया बकरी परत जागेवर ठेवावी. वर नाव आपलंच राहू द्यावं, माझं नको.

त्या सरांना बहुतेक हा काहीतरी डाव वाटला असावा. पण बकरी परत आली. नाव त्यांचंच राहिलं. ताई त्या दिवशी भलतीच खूश होती. "पसरून राह्यली बापू," म्हणाली. "पसरू दे."

"अगं, पण तुझं नाव?"

"माझं नाव कोनाले पाह्यजे बे!"

दुसरी गोष्ट रशीदभाईची. स्टेशन रोडला त्याचं झेरॉक्स आणि छपाईचं दुकान आहे. ज्यांना छापील संच हवे असत त्यांच्यासाठी ताई त्याच्याकडून छापून घ्यायची. रशीदभाई भला माणूस. एकदा मोठा गठ्ठा तयार करून त्यानं अभिमानानं पुढं ठेवला.

"मॅडम, तुमच्या बकरीचा कान मोडेल होता. म्या सरळ करून टाकला. त्याचा चार्ज नाही लावला."

ताईनं वरचं पान उचललं. मग मधलं. मग अगदी खालचं. दुकानातल्या स्टुलावर बसली.

"काऊन केला सरळ?"

"बारके पोरं पाहतेत मॅडम. अपंग बकरी बरी नाही दिसत."

"मोडला तसा मोडेलच पाह्यजे."

"अहो मॅडम, बकरी हाये, नवरदेव थोडाच हाये! कोन पाहते तिचा कान?"

ताईचे डोळे भरले. रशीदभाईनं माझ्याकडं पाहिलं, मी रस्त्याकडं पाहिलं. कानासाठी रडणारी बाई आम्ही दोघांनीही आधी पाहिली नव्हती. रशीदभाई गडबडला, पोराला पिटाळून चहा मागवला आणि सगळा गठ्ठा पुन्हा छापून दिला. सरळ कानाच्या बकऱ्या आमच्या घरी आल्या. हे मी लिहितो आहे ते त्याच पानांच्या पाठीवर.

ताईच्या पोटात गाठ निघाली. आम्ही अकोल्याच्या दवाखान्यात गेलो. तिथंही तिनं पहिल्याच दिवशी नर्सला विचारलं, हा तापाचा तक्ता कोणी आखला, डावीकडं समासच नाही. नर्स म्हणाली, "आजी, तुम्ही पडून राहा." ताई पडून राहिली. पण दुसऱ्या दिवशी नर्सनं नवा तक्ता आणला तेव्हा त्याला दोन्हीकडं समास होता, हे ताईनं मला मान वळवून दाखवलं.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं ते सांगितलं. निखिल आला. आत्याला बरं वाटावं म्हणून त्यानं एक काम करून आणलं होतं. फोन तिच्यापुढं धरला. बकरी होती. पाय चार, रेघ स्वच्छ, आणि कान मोडलेलाच.

"आत्या, कान तसाच ठेवला बघ. फक्त रेघ साफ केली."

ताईनं बराच वेळ पाहिलं. "लय सुंदर काढली राजा," म्हणाली. "पन हे तिची नाही."

निखिलला कळलं नाही. त्याचा चेहरा उतरला. तो चहा आणायला खाली गेला. दुपारची वेळ होती, वॉर्डात बाकीचे झोपले होते. ताईनं मला खुर्ची जवळ ओढायला सांगितली.

"बापू, ते बकरी म्या नाही काढली."

"मग?"

"फुलवंतीनं. जायच्या दिवशी. दावं माझ्या हाती देल्लं, मंग दप्तरातून कागद काढला आन तिथंच फाटकापाशी बसून काढून देल्ली. गावात बकऱ्या लय ना. मैनाची बदलाबदल नाही झाली पाह्यजे. वळख राहू द्या, म्हने. एवढं बोलली ते. वर्षभरात एवढं नव्हती बोलली."

मी खुर्ची आणखी पुढं घेतली.

"आता मोठी झाली असंल. लेकरू असंल तिचं. पयलीत असंल. कोन्या भट्टीवर, कोन्या गावच्या शाळेत, कोनाले मालूम? पान घेऊन लेकरू घरी गेलं तं तिची नजर पडंल. मी तं म्हातारी झाली, माझं तोंड तिले नाही वळखू येनार. शाळेचं नाव इसरली असंल. गाव इसरली असंल. खिचडी नाही इसरनार. आन आपल्या हातची बकरी नाही इसरनार. म्हनून म्या काही बदलू नाही देल्लं बापू. म्या चांगली काढली असती तं तिनं वळखावं कसं?"

"आणि आली तर?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. "ताई, मैना तर गेली ना."

"तेच तं सांगाचं हाये तिले," ताई म्हणाली. "इकली नाही. कापली नाही. म्हातारी होऊन मेली. बाजारात नाही गेली. बस, एवढंच सांगाचं हाये."

निखिल चहा घेऊन आला. ताईनं त्याला पुन्हा फोन दाखवायला लावला आणि त्याच्या बकरीचे चारही पाय मोजून त्याला शाबासकी दिली.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

दुकानाचा फोन आता माझ्याकडं असतो. मेसेज येतात. मॅडम, तिसरीचा संच आहे का. मॅडम, गुणाकाराचं पाठवाल का. मॅडम गेल्या, हे मी सुरुवातीला प्रत्येकाला लिहीत होतो. आता नुसतं पान पाठवतो. फुलवंतीचा काही निरोप नाही. तो येईल असं मला वाटत नाही. वीटभट्टीवरच्या लेकरापर्यंत छापील पान पोहोचायचं, त्यानं ते घरी न्यायचं, थकून आलेल्या आईनं ते चुलीत घालण्याआधी कोपऱ्यात पाहायचं. मी पुस्तकांत वाढलेला माणूस आहे, मला एवढे योगायोग पटत नाहीत.

निखिल म्हणाला, "बाबा, दुकान बंद करू या का? तुम्हाला त्रास होतो."

मी म्हणालो, एक संच अर्धा राहिला आहे, तेवढा होऊ दे.

दुसरीच्या बेरजांचा. ताईनं आकडे घालून ठेवले होते, चौकट राहिली होती. ती काल मी बसवली. समास पट्टी लावून चारही बाजूंनी मोजला. बकरी कोपऱ्यात ठेवली, मोडक्या कानाची, तीन पायांची, जशी होती तशी. मग सकाळी उठून तांदूळ धुतले, डाळ धुतली, खिचडी शिजवली आणि वाटी घेऊन स्क्रीनसमोर बसलो. एक डोळा मिटला. मग दुसरा.

जुळत नव्हतं. माझ्या हातून हळद जास्त पडली होती.

बटन समोरच होतं. मी ते दाबलं नाही. वाटी बाजूला ठेवली आणि पुन्हा तांदूळ धुवायला घेतले.